गोळीआधी तेलाचा हिशोब

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझं वय 44, उंची 158 सेंटिमीटर, वजन 74 किलो. थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेते, बाकी काही चालू नाही. लेझीमच्या तालमीला येणाऱ्या एका मैत्रिणीने फार्मसीतून ‘अ‍ॅली’ नावाची वजनाची कॅप्सूल आणली आणि तिचं वजन उतरलं. चिठ्ठी लागत नाही म्हणजे निर्धोकच असणार, असं ती म्हणते. मीही डबा आणून ठेवलाय, अजून उघडलेला नाही. घरात आम्ही दोघं आणि मुलगा. रोज पोळी-भाजी, वरण-भात. संकष्टी आणि एकादशी मी पाळते. कॅप्सूल सुरू करू का, आणि कशी? शिवाय नाशिकला माझ्या बहिणीचा मुलगा आहे, 16 वर्षांचा, चांगलाच जाड. डिसेंबरमध्ये जाताना त्याच्यासाठी एक डबा नेऊ का?

उत्तर : डबा उघडला नाहीत ते बरं केलंत. आता तो हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. ‘ड्रग फॅक्ट्स’ अशा मथळ्याची चौकट दिसेल. दुकानात त्याच फळीवर हिरव्या पानांची चित्रं असलेल्या बाटल्याही असतात, त्यांच्या चौकटीवर ‘सप्लिमेंट फॅक्ट्स’ लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकांना हा फरक दिसतच नाही. पहिल्या चौकटीतलं तुमचं औषध एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी औषध-नियामकाने, तपासून मंजूर केलेलं आहे. दुसऱ्या चौकटीतल्या मालाला 1994 च्या कायद्यामुळे विक्रीआधी अशी मंजुरी लागतच नाही. वजनासाठी मंजूर असलेलं आणि अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध एकच आहे, ऑर्लिस्टॅट, 60 मिलिग्रॅम. अ‍ॅली हे त्याचं दुकानातलं नाव. ते फेब्रुवारी 2007 मध्ये मंजूर झालं. त्याआधी 1999 पासून हेच औषध 120 मिलिग्रॅमच्या ताकदीत ‘झेनिकल’ या नावाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळत होतं. तेव्हा तुमच्या मैत्रिणीने वस्तू तरी खरी उचलली.

तिचं ‘निर्धोक’ मात्र मला मान्य नाही. चिठ्ठी लागत नाही, याचा अर्थ डॉक्टरांनी विचारायचे प्रश्न इथे तुमचे तुम्हालाच विचारावे लागतात. मी मूळची सांगलीची आणि गेली बरीच वर्षं इथल्याच एका फार्मसीत काउंटरमागे उभी असते. हा डबा घेणाऱ्या आपल्या बायका तो टिश्यूपेपर आणि शांपूच्या खाली दडवून आणतात, माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचतात आणि मग हळूच मराठीत विचारतात, “याने काही होत नाही ना?” होतं. चांगलंही होतं, नकोसंही होतं. आणि दोन्हीचं मूळ तुमच्या तेलाच्या डब्यात आहे.

हे औषध भूक मारत नाही, चरबी ‘जाळत’ नाही, डोक्यापर्यंत तर जवळजवळ पोचतच नाही. ते आतड्यातच काम करतं. आपण खाल्लेलं तेल-तूप पचवायला लायपेज नावाचं पाचकद्रव्य लागतं, त्याला ते अडवतं. 60 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलने त्या जेवणातल्या स्निग्धाचा साधारण चौथा हिस्सा न पचता पुढे सरकतो आणि बाहेर पडतो. आता हिशोब करा. दिवसभरात तुम्ही 45 ग्रॅम स्निग्ध खाल्लंत, तर त्यातलं 11 ग्रॅमच्या आसपास वाया गेलं. एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे झाल्या जेमतेम 100. तूप लावलेल्या एका पोळीच्या. महागाचा डबा रोज तुमच्या ताटातून एक पोळी उचलतो, एवढंच त्याचं बळ. कंपनीचा स्वतःचा दावाही काही अफाट नाही : आहार सांभाळून तुम्ही 5 पौंड उतरवलेत, तर कॅप्सूल त्यात आणखी 2 ते 3 पौंडांची भर घालते. आधीचे 5 तुम्हीच उतरवायचे.

म्हणून पहिले दोन आठवडे डबा कपाटातच राहू द्या आणि तेल मोजा. महिन्याला किती तेल संपतं ते आठवा. तिघांच्या घरात 3 लिटर जात असेल, तर माणशी रोज सुमारे 30 ग्रॅम झालं. यात दूध, तूप, दाणे, खोबरं, बाहेरचं खाणं अजून धरलेलंच नाही. या औषधाबरोबर एका जेवणात साधारण 15 ग्रॅम स्निग्ध चालतं. पंधरा ग्रॅम म्हणजे चहाचे तीन चमचे तेल, सगळं धरून : फोडणीतलं, पोळीच्या कणकेतलं, वरणावरचं तूप, चटणीतले दाणे. पळीने फोडणी घालायची सवय असेल, तर ती पळी काही दिवस मागच्या खणात ठेवा आणि चमचा वापरा. झुणका तेलाशिवाय होत नाही असं माझी आई म्हणायची. ती झुणक्यापुरती बरोबर होती, पण झुणका रोज करायचा नसतो. मुठीभर दाण्यांत, म्हणजे 30 ग्रॅममध्ये, 15 ग्रॅम तेल असतं. दहा बदामांत सहाच्या आसपास. साय न काढलेल्या कपभर दुधात आठ.

आता तुमच्या उपासाकडे येते, कारण आपल्या बायका नेमक्या इथेच फसतात. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही खाणार नसाल, तर कॅप्सूलही नाही. जेवण नाही किंवा जेवणात स्निग्ध नाही, तर कॅप्सूल घ्यायचं कारणच उरत नाही, ती वेळ सोडून द्यायची आणि पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. एकादशीची गोष्ट उलटी. साबुदाण्याच्या खिचडीच्या एका बशीत दाण्याचं कूट आणि तूप मिळून 25 ग्रॅम सहज होतं. तीवर कॅप्सूल घेतलीत, तर दुपारी देवळात बसायचा विचार सोडून द्या. दिवाळीच्या फराळाचंही तेच. पुष्कळ जण ही कॅप्सूल लग्नाच्या पंगतीला जाताना खिशात ठेवतात, आज जास्त खाणार म्हणून आज घेऊ, या हिशोबाने. याहून उलटा हिशोब नाही. जितकं तेल जास्त, तितकं ते बाहेर पडताना जास्त.

बाहेर कसं पडतं तेही स्पष्ट सांगते, कारण पुढचा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत. वारा सरतोय असं वाटतं आणि सोबत तेल येतं. शौचात नारिंगी तेलाचा तवंग दिसतो. घाई होते, आणि ती थांबत नाही. कपड्याला तेलकट डाग पडतात. सुरुवातीला गडद रंगाची पँट घाला आणि जादा कपडे जवळ ठेवा, असा सल्ला कंपनीनेच गिऱ्हाइकांना दिला होता, आणि त्यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ विनोद केले. विनोद जाऊ द्या, सल्ला चांगला आहे. सुरुवात शनिवारी, घरी असताना करा. लेझीमच्या दिवशी तर मुळीच करू नका. हा त्रास पहिल्या काही आठवड्यांत जास्त असतो आणि ताटातलं तेल कमी झालं की कमी होतो. त्रास सतत होत असेल, तर कॅप्सूलला दोष देण्याआधी काल काय खाल्लं ते आठवा.

आता तुमची थायरॉइडची गोळी. पत्रात ती एका ओळीत आली, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑर्लिस्टॅटमुळे लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं नेहमीचं औषध, नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत किमान 4 तासांचं अंतर हवं. तुम्ही सकाळी सहाला थायरॉइडची गोळी घेतलीत आणि आठला नाश्त्याबरोबर ही कॅप्सूल घेतलीत, तर वजन उतरवायला जाऊन थायरॉइड बिघडेल, आणि थायरॉइड बिघडला की वजन पुन्हा वर. मार्ग सोपा आहे. नाश्त्याची कॅप्सूल कायमची वगळा. दुपारी एक, रात्री एक, बास. डब्यावर लिहिलेल्या दिवसाला 3 ही कमाल मर्यादा आहे, तीन घेतल्याच पाहिजेत असं नाही. आणि सुरू करण्याआधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. गोळीचा डोस कमी पडत असेल तर वजन त्यानेच वाढलेलं असू शकतं, आणि मग हा सगळा खटाटोप डोस बदलण्याने भागेल. तपासणी झाल्यावर कॅप्सूल सुरू केलीत, तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा आणि डॉक्टरांना सांगा की हे औषध चालू आहे. चिठ्ठीशिवाय घेतलेलं औषध लोक डॉक्टरांना सांगतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, “ते काही औषध नाही, ते असंच आहे.”

दुसरं, जीवनसत्त्वं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धात विरघळतात, तेव्हा तेलाबरोबर तीही निसटतात. आपल्या लोकांत ‘ड’ची आधीच बोंब असते. रोज एक मल्टिव्हिटॅमिन घ्या, पण कॅप्सूलबरोबर नको. झोपताना घ्या, शेवटच्या कॅप्सूलनंतर दोन तास तरी गेलेले हवेत. तुम्ही रात्री साडेनऊला जेवून दहाला आडव्या होत असाल, तर हे जमणार नाही. जेवण आठला आणा. ते वजनालाही बरं.

कॅप्सूल जेवताना घ्यायची, विसरलात तर जेवणानंतर तासाभरात. त्याहून उशीर झाला तर सोडून द्या.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेएकोणतीसच्या जवळ येतो, त्यामुळे औषधाला कारण आहे. आपल्या लोकांत तसाही 25 पासून लठ्ठपणा धरतात आणि 23 पासून सावध व्हायला सांगतात, कारण कमी वजनातही आपलं पोट सुटतं आणि साखर चढते. पण एखादी सडपातळ मुलगी लग्नाआधी चार किलो उतरवायला हे घेते म्हणाली, तर मी डबा काउंटरवरून परत फळीवर ठेवते. गरोदर असताना किंवा बाळाला पाजत असताना हे घ्यायचं नाही. अवयवरोपण झालेल्यांनी किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी नाही. अन्न नीट शोषलं न जाण्याचा विकार असेल, तर नाही. पित्ताशयाचा त्रास, मुतखडा किंवा स्वादुपिंडाची सूज कधी झाली असेल, तर आधी डॉक्टर. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टर, वजन उतरलं की साखरेच्या औषधाचा डोस कमी करावा लागू शकतो. फिटच्या आणि एचआयव्हीच्या औषधांबाबत, तसंच हृदयाच्या लयीसाठी अमिओडॅरोन घेत असाल तर, विचारल्याशिवाय पहिली कॅप्सूलसुद्धा नको.

यकृताबद्दल कुणीतरी तुम्हाला घाबरवेल, म्हणून आकडा सांगून ठेवते. 2010 मध्ये एफडीएने या औषधाच्या माहितीपत्रात यकृताच्या गंभीर इजेचा इशारा घालायला लावला. जगभरात 1999 पासूनच्या दहा वर्षांत अशा 13 नोंदी झाल्या होत्या, आणि औषध घेणारे सुमारे 4 कोटी होते. इजा औषधानेच झाली असं सिद्ध झालेलं नव्हतं. भीती बाळगण्याइतकं हे मोठं नाही, खुणा पाठ करण्याइतकं मात्र आहे. डोळे किंवा कातडी पिवळी दिसली, लघवी चहासारखी गडद झाली, अंगाला खाज सुटली, भूक मेली, तर कॅप्सूल त्या क्षणी बंद आणि डॉक्टरांना फोन. पोटात सतत जोरात दुखणं, किंवा कंबरेत कळ आणि लघवीत रक्त, यालाही तेच.

किती दिवस घ्यायचं? ब्रिटनमध्ये हीच कॅप्सूल 2009 पासून चिठ्ठीशिवाय मिळते आणि तिथले नियम मला जास्त शहाणे वाटतात. बीएमआय 28 किंवा त्याहून जास्त हवा, 12 आठवड्यांत वजन हललं नाही तर डॉक्टर किंवा फार्मासिस्टकडे जायचं, आणि स्वतःच्या मर्जीने 6 महिन्यांपुढे घ्यायचं नाही. तुम्हीही हाच हिशोब धरा.

भाच्यासाठी डबा नेऊ नका. चिठ्ठीशिवाय मिळणारी ही कॅप्सूल 18 वर्षांपुढच्यांसाठी आहे. 16 व्या वर्षी वजन खूप असेल, तर रक्तातली साखर, थायरॉइड, झोप, मोबाइल, शाळेच्या कँटीनमधला वडापाव, हे सगळं पाहणारा डॉक्टर त्याला हवा, आणि नाशिकला तो मिळेल. ऑर्लिस्टॅट भारतातही वेगवेगळ्या नावांनी मिळतं, डॉक्टरला गरज वाटली तर तो तिथेच लिहून देईल. मावशीने बॅगेतून गोळ्या आणल्या, की पोराला वाटतं आपल्या अंगाची घरभर चर्चा चालली आहे. त्याच्यासाठी बूट न्या.

प्रश्न : माझं वय 58, ठाणे. हृदयाची झडप बदलली आहे, ‘अ‍ॅसिट्रोम’ चालू आहे. मुलगी अमेरिकेतून वजनाची तीच कॅप्सूल घेऊन येते आहे. डॉक्टरांना विचारायची गरज आहे का? ती म्हणते, दुकानात उघड्यावर मिळते.

उत्तर : गरज आहे, आणि मुलगी विमानात बसायच्या आधी आहे. तुमची रक्त पातळ ठेवणारी गोळी के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते. ऑर्लिस्टॅटने के जीवनसत्त्वाचं शोषण घटतं, म्हणजे त्याच डोसमध्ये तुमचं रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा तपासणीतला आकडा) वर जातो आणि रक्तस्राव होऊ शकतो. झडप बदललेल्या माणसाने आयएनआरशी असा खेळ करू नये. हृदयाचे डॉक्टर हो म्हणाले आणि आयएनआर जास्त वेळा तपासायला तयार असले, तरच पुढचं बोलणं. शक्यता अशी आहे की ते नाही म्हणतील आणि चालायला सांगतील. तसं झालं तर मुलीला सांगा, डबा दुकानात परत कर, पावती जपून ठेव.

प्रश्न : मी पुण्यात असते, वय 27. ऑनलाइन ‘शंभर टक्के हर्बल’ कॅप्सूल मागवल्या. पहिल्या पंधरवड्यातच चार किलो गेले, भूक लागतच नाही. फक्त रात्री झोप येत नाही आणि छाती धडधडते. असर चांगला आहे, चालू ठेवू ना?

उत्तर : नको. आजच बंद करा आणि बाटली घेऊन डॉक्टरकडे जा. रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. बाटली फेकू नका, तीच दाखवायची आहे.

भूक एकाएकी मरणं, झोप उडणं, धडधड, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझ्या मनात पहिलं नाव येतं सिबुट्रामिन. हे एके काळी वजनाचं अधिकृत औषध होतं. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर 2010 मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं गेलं आणि पाठोपाठ भारतातही बंद झालं. बंद झालेलं औषध नाहीसं होत नाही. तेव्हापासून ते ‘हर्बल’ बाटल्यांमध्ये वेष बदलून सापडत आलं आहे. त्याच वर्षी जानेवारीत एफडीएने अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बनावट अ‍ॅलीबद्दल इशारा दिला होता. त्या कॅप्सूलमध्ये ऑर्लिस्टॅटचा कणही नव्हता, होतं ते सिबुट्रामिन. खऱ्या कॅप्सूलमध्ये बारीक पांढरे दाणे असतात, बनावटीत पावडर निघाली. तुमच्या बाटलीत काय आहे ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण झाडपाल्याने पंधरवड्यात भूक गायब होत नाही.

डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक म्हटलं, तरी दुसरी बाटली मागवू नका. गार्सिनिया लिहिलेली तर नाहीच नाही. गार्सिनिया कंबोजिया हे आपल्या कोकमाच्याच कुळातलं झाड, म्हणून लोकांना ते घरचं वाटतं. सोलकढीतलं आमसूल वेगळं आणि त्याच्या चुलत झाडाचा अर्क कॅप्सूलमध्ये ठासून भरणं वेगळं. त्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सोलकढी खुशाल प्या.

प्रश्न : ऑर्लिस्टॅटचा डबा कुठे ठेवावा? बाथरूमच्या कपाटात चालेल का?

उत्तर : नाही. याला ओल आणि उष्णता दोन्ही चालत नाहीत. 25 अंशांच्या खाली, झाकण घट्ट लावून, कोरड्या जागी ठेवा. मुंबईत मे महिन्यात असाल तर घरातली सगळ्यात थंड, सावलीची खोली शोधा. गॅसच्या वरच्या फळीवर तर नकोच.